च

हळदीच्या हंगामात वसमतच्या कोर्टात
फायलींवरसुद्धा पिवळी धूळ बसते.
शिपायानं तीनदा पुकारा केला,
तिन्ही वेळा माझं आडनाव वेगळं.
उभी राहिले. नसरीन इनामदार,
वय एकेचाळीस, धंदा सरकारी नोकरी,
खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.

समोर तीन बाकं भरून बोखारे.
टोप्या, मोबाईल, तंबाखूच्या पुड्या,
आणि सगळ्यांच्या भुवया नाकाशी जुळलेल्या.
आरोपी त्यांच्यापासून चार पावलं लांब,
पोलिसाच्या कोपराजवळ.
त्याच्याही.

सरकारी वकिलांना दुपारी परभणीला दुसरी तारीख होती.
मयताच्या नखांतला अंश तुम्ही तपासला?
तपासला.
आरोपीच्या रक्ताशी जुळला?
जुळला.
म्हणजे तो आरोपीचाच.
टायपिस्टची बोटं तेवढ्यात पुढं गेली होती.

साहेब, मी म्हणाले, शेवटचा च काढावा.

पंख्याखालचा कागद जजसाहेबांनी तळव्यानं दाबला.
सोप्या भाषेत सांगा, बाई.

सोप्या भाषेत:
तिच्या नखांखाली सगळ्यात जास्त तीच होती.
तिचंच रक्त, तिचीच कातडी,
दुसरं कुणी चिमटीएवढं.
म्हणून बाईच्या अंगात नसतं ते वाय गुणसूत्र
तेवढं वेगळं वाचलं, तेवीस जागी.
तेवीसच्या तेवीस जागी आरोपीसारखं.
पण वाय बापाकडून पोराकडं जातं, आहे तसं.
सातबारा वाटणीत फुटतो, हे फुटत नाही.
आजाचं तेच चुलत्याचं,
चुलत्याच्या पोराचं, त्याच्या पोराचं.
साहेब, हे दारावरची पाटी वाचण्यासारखं आहे.
पाटीवर बोखारे लिहिलंय.
आत कोण होतं ते पाटी सांगत नाही.

आरोपीचे वकील लगबगीनं उठले, हसत.
म्हणजे माझ्या अशिलाचं नाही!
तसंही नाही म्हणाले मी.
त्याला वगळता येत नाही.
ते बसले. खुर्ची करकरली.

मग आकडा आला.
आमच्या यादीत दोन हजार तीनशे पुरुष,
एकाचाही नमुना असा नाही.
सरकारी वकिलांची मान पुन्हा ताठ झाली.
साहेब, ती यादी परक्यांची आहे,
या घरातला त्यात कुणी नाही.
केव्हा लागलं? माहीत नाही.
कसं लागलं? माहीत नाही.
झटापटीत? ते माझं यंत्र पाहत नाही.
(‘माहीत नाही’ हे न अडखळता म्हणायला
मला नोकरीची सहा वर्षं लागली.)
या कुटुंबातले आणखी किती नमुने तुमच्याकडं आले?
एकच, साहेब. एकच पाठवला होता.

तिसऱ्या बाकावर एकानं शेजारच्याकडं पाहिलं.
शेजारच्यानं पुढच्याच्या मानेकडं.
ते मला दिसलं.
ते मला कुणी विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तरी तो पुरावा नव्हता.

टायपिस्टनं च खोडला.
‘आरोपीचा, अथवा त्याच्या पितृवंशातील
अन्य कोणत्याही पुरुषाचा असू शकतो.’
वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणाले,
दहा पानांवर दहा सह्या केल्या.
भत्त्याच्या अर्जावर अकरावी.

बाहेर व्हरांड्यात नळाजवळ तिची आई बसली होती,
बोखाऱ्यांचीच सून, गोदावरीबाई,
दिरा-पुतण्यांच्या गर्दीपासून सरकून.
तिनं माझ्या फायलीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.
म्हनली का नाही तुमी आत,
कोनाचं बी असंल म्हनून?
घरातल्या कोनाचं बी?
हो, मावशी.
म्हंजी भावकीच होती म्हना
माझ्या लेकीच्या नखात.

मी तोंड उघडलं.
आत सगळं नीट सांगितलं होतं,
एक अक्षर जास्त नाही.
नळ थेंबथेंब गळत होता, तिनं तो उठून घट्ट केला.
नांदेडची गाडी लागली होती.